अर्थ लावायचा तर पायी: साताऱ्याच्या वाटांवर सहा आठवडे

अवघड ओवीचा अर्थ ‘लागतो’. आयुष्याची गोष्ट निघाली की मात्र आपण अर्थ ‘शोधायला’ निघतो, जणू ते कुठल्या तरी फटीत पडलेले नाणे आहे. न कळलेल्या ओवीचे आपण काय करतो? पुन्हा वाचतो, मोठ्याने म्हणतो, मागची-पुढची ओवी बघतो, जाणत्याला विचारतो. मग चार दिवसांनी भाजी निवडताना ती आपसूक उलगडते. इथे सांगितलेली पद्धत तीच आहे, फक्त ओवीच्या जागी आपले रोजचे जगणे आहे. सामान थोडेच लागते: शंभर पानी वही, रुळलेले बूट, एकच रस्ता आणि सहा आठवडे.

प्रश्न लिहिण्यापासून सुरुवात

‘जगण्याला अर्थ काय?’ हा प्रश्न जसाच्या तसा घेऊन निघालात तर तो पोवई नाक्यापर्यंतही टिकणार नाही. तो फार मोठा आहे, आणि मोठ्या प्रश्नाला मन मोठी, गुळगुळीत उत्तरे देते. म्हणून पहिल्या दिवशी चालू नका. वहीत एक पान भरून काय खुपते ते लिहा. भाषा कशीही असू द्या, फक्त तक्रार पूर्ण लिहा.

मग प्रत्येक वाक्यासमोर चार पुरुषार्थांपैकी एकाचे पहिले अक्षर मांडा. ‘ध’ म्हणजे धर्म: कर्तव्य, नाती, ज्यांना आपण जबाब देणे लागतो ते. ‘अ’ म्हणजे अर्थ: पैसा, नोकरी, घर, वाटणीत अडकलेली जमीन. ‘क’ म्हणजे काम: हवेसे वाटणे, आनंद, शरीर. ‘मो’ म्हणजे मोक्ष: मरण, सुटका, ‘यापलीकडे काय’ ही टोचणी. आपल्या भाषेत पैशालाही अर्थ आणि तात्पर्यालाही अर्थच म्हणतात, त्यामुळे यातला कुठला अर्थ हरवलाय याची आधी खात्री करून घ्यावी. बऱ्याच पानांवर ‘अ’ची रांग निघते. तसे असेल तर आधी बँकेत आणि तलाठ्याकडे जावे. थकलेल्या हप्त्यांवर तत्त्वज्ञान हे औषध नाही, आणि देवळात बसूनही हप्ता भरला जात नाही.

उरलेल्या वाक्यांतले सर्वांत जास्त खुपणारे एक घ्या आणि त्याचा प्रश्न करा. ‘माझ्याच वाट्याला का?’ असा प्रश्न चालत नाही, कारण त्याला उत्तर देणारा कोणी समोर नाही. मालुंक्यपुत्ताला बुद्धांनी दिलेला दृष्टान्त इथे कामी येतो: विषारी बाण लागलेला माणूस ‘मारणारा कोण, कुठल्या गावचा, धनुष्य कशाचे’ हे कळेपर्यंत बाण काढू देत नसेल, तर तो त्याआधीच मरेल. म्हणून प्रश्न फिरवा: ‘हे वाट्याला आलेच आहे, तर यातले मी काय उचलायचे आणि काय खाली ठेवायचे?’ चांगल्या प्रश्नात करणारा ‘मी’ असतो, क्रियापद एकच असते आणि त्याचे उत्तर या वर्षात काहीतरी बदलू शकते. ‘मुलं पुण्याला गेली, आता सकाळी मी कोणासाठी उठायचं?’ हा असा प्रश्न आहे. साधा दिसतो, पण सहा आठवडे पुरतो.

एक गोष्ट आधीच. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव द्यावा असे मनात येत असेल, तर ही वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. चालणे आणि नामस्मरण उपचारांसोबत चालते, उपचारांऐवजी नाही.

वाट एकच ठेवा

रोज नवी वाट धरली तर डोळे गुंतून राहतात आणि मन मोकळे होत नाही. एकाच वाटेवर आठव्या-दहाव्या दिवशी कंटाळा येतो. तो येऊ द्यावा. त्या कंटाळ्यातच प्रश्न वर येतो, आणि नेमके त्याच दिवशी लोक वाट बदलतात किंवा कानात गाणी घालतात.

वाट घरापासून सुरू होणारी हवी, जाऊन-येऊन ४० ते ५० मिनिटांची, आणि तीत एखादा चढ असावा. राजवाड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना समर्थ मंदिरावरून बोगदा आणि खिंडीतला गणपती हे जवळ. शहराच्या मध्यात असाल तर चार भिंती: चढ छोटा पण खरा, आणि वरून सगळे गाव एका नजरेत येते. अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता शहरातून साधारण चार किलोमीटर आहे, तो रोजच्यापेक्षा आठवड्यातून एकदाच्या मोठ्या फेरीला बरा. वर मंगळाईच्या देवळापाशी बसून परत फिरावे. यवतेश्वर घाट सुरेख आहे, पण कासच्या फुलांच्या दिवसांत रविवारी तिथे पाय ठेवू नका. गाड्यांच्या रांगेत कसले चिंतन? गुडघे दुखत असतील तर कृष्णा-वेण्णेच्या संगमाकडे, माहुलीच्या बाजूला जावे, तिकडे चढ जवळजवळ नाही. सांगलीकरांना हरिपूरचा रस्ता आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम. चढ नसला तरी दुसरी काही तक्रार नाही.

पाय, पाणी, वेग

पहिल्या आठवड्यात पाच दिवस ४० मिनिटे, सहाव्या दिवशी पाच किलोमीटर, सातव्या दिवशी विश्रांती. पुढे रोजचे तेवढेच ठेवून फक्त सहाव्या दिवसाची फेरी वाढवा: सात, आठ, दहा, बारा किलोमीटर. सहाव्या आठवड्याच्या सहाव्या दिवशी सज्जनगड. घाईने अंतर वाढवले की पहिले पोटऱ्या आणि टाचा बोलतात. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाच ठणकत असेल तर दोन दिवस थांबा आणि मग अर्ध्या अंतराने सुरू करा.

नवे बूट मोठ्या फेरीला कधीच घालू नयेत. फोड येतो तो घाम आणि घर्षण एकत्र आल्याने. जाड सुती मोजे घाम शोषून ओले राहतात, म्हणून पातळ आणि लवकर वाळणारे घ्या, जास्तीची जोडी खिशात ठेवा. पायाला कुठे ‘गरम’ लागायला लागले की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या वळणावर फुटतो. नखे दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटे बुटाच्या टोकावर आपटून नखे काळी पडतात, त्यासाठी उताराआधी नाडी घोट्याशी घट्ट बांधा. पावसाळ्यात आपल्याकडच्या पायऱ्या शेवाळाने साबणासारख्या होतात. त्या दिवसांत काठी घ्या, ती कुत्र्यांसाठीही बरी.

उन्हात तासाला अर्धा लिटर पाणी धरा. लांब फेरीला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून न्यावे. मापे चहाच्या चमच्याची. मीठ जास्त झाले तर उलटी होते, तेव्हा अंदाजपंचे करू नका. खायला दशमी किंवा गूळ-शेंगदाणे. कंदी पेढा परतल्यावर. वाटेत खाल्ला तर नुसती तहान वाढते. मधुमेह असेल तर खिशात साखर ठेवा आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांशी आधी ठरवा. छातीत दुखले किंवा दम लागून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चालणे त्या क्षणी थांबवून दवाखाना गाठा.

वाचन: निघण्याआधी, तेही थोडेच

चालायच्या आधी दहा मिनिटे वाचावे. साताऱ्यात राहणाऱ्याने दासबोध घ्यावा असे आमचे मत आहे. घरात बहुधा असतोच, कपाटावर. वीस दशक, प्रत्येकी दहा समास, म्हणजे दोनशे समास, आणि एकूण ७,७५१ ओव्या. सरासरी समास चाळीसेक ओव्यांचा, मोठ्याने वाचायला आठ-दहा मिनिटांचा. रोज एक समास धरला तर आठवड्याला पाचच्या हिशेबाने तीस होतात. पहिल्या पानापासून सुरू करणारे स्तवनांच्या समासांतच अडकतात. त्याऐवजी बारावा दशक, विवेकवैराग्याचा, आधी घ्या. त्यानंतर दुसरा, जो मूर्खलक्षणाने सुरू होतो आणि पढतमूर्खावर संपतो. तो वाचताना शेजाऱ्यांचे चेहरे आठवतात. तिसऱ्या दिवशी स्वतःचा आठवायला लागला की वाचन नीट चालले आहे. शेवटचे दहा समास आपल्या आवडीचे.

देव-संतांच्या भाषेत अडखळणाऱ्याने प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची पुस्तिका घ्यावी, इंग्रजी चालत असेल तर. त्रेपन्न छोटी प्रकरणे, आणि सुरुवातच ‘काय आपल्या हातात आणि काय नाही’ या वाटणीने. कुठली संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश महाजालावर फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली तो आपल्याच जिल्ह्यात, वाईत उभा राहिला.

वाचताना तीन गोष्टी बघा. हा कोणाशी बोलतोय? कशाला ‘नाही’ म्हणतोय? आणि हे खरे मानले तर आज संध्याकाळपर्यंत मला काय वेगळे करावे लागेल? तिसऱ्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर समास डोक्यावरून गेला, उद्या तोच पुन्हा. समासातले दोन-तीन शब्द सोबत घ्या आणि पुस्तक घरी ठेवा.

वाचन, चालणे आणि श्रद्धा यांची गाठ बघायची असेल तर विनोबांकडे बघावे. १९१७च्या सुमारास गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रावरचे शांकरभाष्य शिकले, आणि मग गीतेवर बोलत महाराष्ट्रात पायी फिरले. १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानासाठी निघालेली पदयात्रा पुढे तेराहून अधिक वर्षे चालली. ग्रंथ पचायला पाय लागतात, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

चालताना काय करायचे

फेरीचे तीन भाग करा. पहिल्या भागात काहीच नाही. मन भाजीचा हिशेब करील, कालचे भांडण काढील, काढू द्या. हा गाळ आधी खाली बसावा लागतो. मधल्या भागात नाम, आणि शेवटच्या भागात प्रश्न. क्रम उलटा केला, म्हणजे निघाल्या निघाल्या प्रश्न हातात घेतला, तर तो कालच्या भांडणातच मिसळतो आणि चाळीस मिनिटे मनातल्या मनात वाद घालून माणूस जास्त चिडून घरी येतो. ही सर्वांत नेहमीची चूक.

नाम पावलांना बांधावे. समर्थ संप्रदायाचा तेरा अक्षरी मंत्र, ‘श्रीराम जय राम जय जय राम’, आठ पावलांत बरोबर बसतो: ‘श्रीराम’ला दोन, ‘जय राम’ला दोन, ‘जय जय’ला दोन, ‘राम’ला एक आणि एक पाऊल मोकळे. मिनिटाला १०४ पावले टाकली तर तेरा वेळा नाम होते, म्हणजे १०८ नामांना आठ मिनिटांहून थोडे जास्त लागते. पाऊल ७० सेंटिमीटरचे धरले तर तेवढ्यात ६०० मीटर चालणे होते. माळ हातात न घेताही, कुठल्या झाडाशी एक माळ पूर्ण होते ते आठवड्याभरात पाठ होते. चढावर नाम तुटायला लागले, श्वास मध्ये घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला समजा. नाडी मोजण्याच्या घड्याळापेक्षा ही खूण स्वस्त आहे.

नामावर विश्वास नसेल तर? तर नुसते आठ मोजा. श्रद्धेसाठी आधी भाव उत्पन्न झाला पाहिजे हा गैरसमज आहे. श्रद्धा शब्दातला ‘धा’ ठेवणे या अर्थाचा. अनुभव यायच्या आधी काहीतरी पणाला ठेवायचे असते, इथे रोजची चाळीस मिनिटे. पेरणी करणारा शेतकरी दुसरे काय करतो? मात्र श्रद्धेच्या नावाखाली शरीराशी सौदा नको. अनवाणी गड चढण्याचा नवस मधुमेह्याने बोलू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. नवस बोललेलाच असेल तर देवळाच्या आवारात अनवाणी प्रदक्षिणा घालून फेडावा.

एकट्याने जमत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आषाढी वारीत एक दिवस चालून बघावे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप देणारे हैबतबाबा आपल्याच आरफळचे. नीरा ओलांडून पालखी जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. लोणंद ते तरडगाव ही वाट नवख्याला झेपते आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. दिंडीत घुसू नका, विणेकऱ्याला विचारून मागच्या ओळीत चाला. टाळ येत नसेल तर ठेका पायांनी धरा. दोन तासांत पाऊल शेजारच्याच्या पावलाशी आपोआप जुळते, आणि ‘माझा प्रश्न’ मधला ‘माझा’ थोडा सैल होतो. रिंगणाच्या वेळी अश्वांच्या वाटेत मोबाइल धरून उभे राहणे हा मात्र निव्वळ वेडेपणा.

रोजच्या तीन ओळी

घरी आल्यावर आंघोळीआधी वहीत तीनच ओळी. पहिली: तारीख, वाट, आणि पाय कसे होते. दुसरी: आज प्रश्न कुठल्या शब्दांत आला (तो रोज थोडा बदलतो, हा बदल महत्त्वाचा). तिसरी: स्वतःबाहेरची एक गोष्ट, पाहिलेली, ऐकलेली किंवा केलेली. मोबाइलवर लिहू नका. तिथे मागचे खोडून सुधारता येते आणि वही खोटी होते. उत्तर लिहायचा मोह झाला तर आवरा. पहिल्या दोन आठवड्यांत सुचलेली उत्तरे बहुधा दुसऱ्या कोणाची असतात.

सज्जनगडाचा दिवस

साताऱ्याहून बोगद्यातून बाहेर पडून डबेवाडी, गजवडीच्या बाजूने गडाच्या पायथ्याशी पोहोचायला पंधरा-सोळा किलोमीटर होतात. चार तास धरा. पहाटे पाचला निघालात तर ऊन तापायच्या आत चढ लागतो. रस्ता ठोसेघरच्या वाहनांचा आहे, म्हणून उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चाला, आणि उजाडेपर्यंत फिकट कपडे व विजेरी हवी. शनिवार-रविवार टाळा. माघ वद्य नवमीला, दासनवमीला, गडावर पाय ठेवायला जागा नसते. तो दिवस उत्सवासाठी उत्तम, या कामासाठी नाही.

पायऱ्यांवर बोलणे बंद. दोन महाद्वारे ओलांडून वर गेल्यावर आधी समाधीचे दर्शन घ्या: राममंदिराच्या खाली, तळघरात. १६८२ साली समर्थांनी इथेच देह ठेवला. मग गर्दीपासून दूर, गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीकडे जा. खाली उरमोडीचे पाणी दिसते. तिथे तासभर बसून वही पहिल्या पानापासून वाचायची. दुपारी महाप्रसाद घ्यावा, पंगतीत वाढायला माणूस कमी असेल तर वाढावे. परत मात्र एसटीने. दमलेल्या पायांनी गाड्यांच्या रस्त्यावर उलटे सोळा किलोमीटर चालण्यात काही पुण्य नाही.

वही कशी वाचायची

इथे मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र रचणाऱ्यांची, युक्ती उसनी घ्यायची. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला त्यांनी सहा खुणा सांगितल्या आहेत, आणि त्या वहीलाही लागू पडतात. विषयाचा मोठा कोश, मीमांसाकोश, याच नारायणशास्त्र्यांनी (संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती) तयार केला.

पहिली खूण उपक्रम-उपसंहार: पहिल्या दिवसाचा प्रश्न आणि शेवटच्या दिवसाचा प्रश्न शेजारी ठेवा. कुठला शब्द गळाला, कुठला नवा आला? दुसरी अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती: तिसऱ्या ओळीत कोण किंवा काय पुन्हा पुन्हा येते ते पेन्सिलीने मोजा. इथे माणसे चकित होतात. प्रश्न ‘माझं करिअर’ असा असतो आणि वहीत नऊ वेळा येतात शेजारच्या आजोबांची औषधे. तिसरी अपूर्वता: या वहीखेरीज कुठेच, कोणाजवळच बोलला नाहीत असे काय आहे? चौथी फळ: सहा आठवड्यांत प्रत्यक्ष काय बदलले? झोप, बोलणे, एखादा फोन केला गेला का? ‘बरे वाटले’ हे फळ धरू नका. पाचवी अर्थवाद: कशाची स्तुती आणि कोणाची निंदा भरभरून केली आहे? जिथे विशेषणे फुगली आहेत तिथे आपण काहीतरी पटवून घेत असतो, म्हणून त्या ओळींचे वजन निम्मे धरा. सहावी उपपत्ती: काढलेला निष्कर्ष आपल्या पगाराशी, गुडघ्यांशी, घरातल्या माणसांशी जुळतो का? जिथे तीनचार खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ते तात्पर्य.

सगळ्या खुणा वेगवेगळीकडे गेल्या तर प्रश्न चुकीचा लिहिला गेला होता. असे बऱ्याचदा होते. त्याच वहीतून, दुसऱ्या ओळींतला शेवटचा प्रश्न घेऊन पुन्हा सहा आठवडे.

तात्पर्य लागले असेल तर ते मोठ्या शब्दांत मांडू नका. त्याला वार आणि वेळ द्या: ‘दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला आजोबांकडे, गोळ्यांची डबी भरायला.’ महिनाभर करून बघा, चालणे सुरूच ठेवून, रोजच्या तीन ओळींसह. चार मंगळवारांपैकी दोन चुकले तर कामाचा वार बदला. चारही चुकले तर वहीचे पहिले पान उघडा आणि ‘अ’ लिहिलेल्या ओळी पुन्हा तपासा.